पँथर वाळत घातला आहे

आमच्या मालवणात खिळा ठोकायच्या आधी गंजतो. खिडकीचे गज, सायकलची चेन, गेटची कडी, इथे लोखंडाला तारुण्य असं नसतंच. खारा वारा पाहुण्यासारखा ओटीवर थांबत नाही, थेट माजघरात शिरतो. अशा गावात मी पार्सलने गंज मागवतो. बाटलीतला, पातळ, तांबूस, बारीक ब्रशने लावायचा. "आत काय आसा?" असं कुरियरवाल्याने एकदा विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून तो पार्सल गडग्यावर ठेवून न बोलता निघून जातो.

मला रणगाडे रंगवायचा नाद आहे. टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचं, टेपने अंतरं मोजायची, फासे टाकायचे आणि दुसऱ्या महायुद्धाचा निकाल रविवारी दुपारी नव्याने लावायचा, असा हा खेळ. समोर कुडाळचा मित्र असतो, तो कायम रशिया. माझ्याकडे जर्मन पँथर रणगाडा, 1:72 मापाचा. खऱ्या पँथरची लांबी तोफेची नळी सोडून 6.87 मीटर, माझा साडेनऊ सेंटीमीटर भरतो. आईच्या मते एवढ्याशा वस्तूला रंगवायला अर्धा तास पुष्कळ झाला.

फेब्रुवारी 1943 पासून जर्मन चिलखती गाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा ठरला. त्यावर मारायचे तांबूस तपकिरी आणि ऑलिव्ह हिरवा हे दोन रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून तुकड्यांना पोचवले जात. पेट्रोलने किंवा पाण्याने ते पातळ करायचे आणि आसपासच्या रानाला शोभतील असे पट्टे गाडीवर ओढायचे. स्प्रेगन मिळाली तर ठीक, नाहीतर ब्रश. म्हणजे डोक्यावर विमानं घिरट्या घालत असताना उघड्या माळावर त्या लोकांचा रंग वाळत होता. माझा पडवीत, पंख्याखाली, साठच्या बल्बसमोर वाळत नाही. जुलैतल्या मालवणी हवेत आधीच इतकं पाणी असतं की रंगातलं पाणी तिच्यात जायला तयार नसतं. तपकिरी पट्टा वाळला असं समजून हिरवा ओढावा, तर दोघे मिळून तिसराच रंग जन्माला घालतात, आणि तो कुठल्याही सैन्याच्या यादीत नसतो.

पट्ट्यांच्या कडा नीट याव्यात म्हणून बाकीचा भाग झाकावा लागतो. त्यासाठी खास चिकणा गोळा मिळतो, पण तो संपला होता. मी घावन्यांच्या पिठाकडे बघितलं, ते पातळ. मग चपातीच्या कणकेचे वळसे करून रणगाड्यावर चिकटवले आणि झोपलो. सकाळी पँथर मुंग्यांच्या ताब्यात होता. रणगाडा एकाला बहात्तर धरला, तर सहा मिलिमीटरची मुंगी 43 सेंटीमीटरची होते. कुत्र्याएवढ्या मुंग्यांची अख्खी पलटण तोफेच्या नळीतून आत-बाहेर करत होती. आई म्हणाली, "तुझ्या रशियावाल्याक सांग, असला काय तरी आण म्हणून." कल्पना वाईट नव्हती, पण नियमपुस्तकात मुंग्या नाहीत.

सगळं एकदाचं रंगवून झालं की वर मॅट वार्निश मारतात, म्हणजे खेळताना बोटांनी रंग निघत नाही. दमट हवेत स्प्रेचं मॅट वार्निश पांढुरकं पडतं, हे डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. पण आम्ही कोकणात राहतो. दमट हवा टाळायची तर थंडीपर्यंत थांबायचं, आणि तेवढा धीर कुणाला आहे. मी स्प्रे मारला. बघता बघता पँथरवर बर्फ पडला.

आता गोची बघा. पँथर पहिल्यांदा रणात उतरला तो रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत, जुलै 1943 मध्ये, भर उन्हाळ्यात. पूर्व आघाडीवर हिवाळ्यात जर्मन गाड्यांना धुऊन निघणारा पांढरा रंग फासत असत हे खरं, पण आमच्या टेबलावरच्या कुर्स्कच्या मोहिमेला तो कसा चालेल? कुडाळवाल्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "तुझा जानेवारी आला, माझा जुलै चालू आहे. आधी वाळायला शीक, मग लढायला ये." वरून ग्लॉसचा पातळ हात मारला तेव्हा पांढरेपणा बराच गेला, आणि पँथर लग्नाला निघाल्यासारखा चकाकू लागला. मॅटसाठी पुन्हा थांबणं आलं.

थांबायच्या त्या काळात चिखलाचं काम काढलं. फुकटचा रंग म्हणून अंगणातली माती मलमलच्या फडक्यातून चाळली. तांबडीलाल, मऊसूत, विकतच्या पावडरला मागे टाकेल अशी. चाकांना लावली आणि मग आठवलं की कुर्स्कची माती काळी आहे. तांबड्या मातीत माखलेला पँथर कुर्स्कहून आला असं कोण मानेल? तो कणकवलीहून आलाय हे शेंबडं पोरही सांगेल. शेवटी सोलापूरच्या मावसभावाला फोन केला. त्याने येताना शेंगदाण्याच्या चटणीबरोबर काळ्या मातीची पिशवी आणली. आईने त्यातली ओंजळभर ठेवून बाकीची तुळशीला घातली. "माती मेली चांगली आसा," म्हणाली.

खरी परीक्षा गंजाची होती. स्पंजच्या तुकड्याने रंग उडाल्याचे ठिपके द्यायचे, मग त्यांत बाटलीतला गंज. इथे हात सुटतो आणि छंदातली बहुतेक मंडळी इथेच वाहवत जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या रणगाड्यावरचा एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या पँथरवर सात सेंटीमीटरचं भोक. असे पाच-पन्नास दिले की तो रणगाडा राहत नाही, चाळण होते. तरी मी दिलेच, आणि तज्ज्ञ मत घ्यावं म्हणून नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नेला. तिथल्या दादांचा सगळा जन्म गंजात गेलाय.

त्यांनी तेलकट बोटांत पँथर उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ह्यो गंज खोटो."

"खोटोच आसा, दादा. प्लास्टिक आसा ता."

"ता नाय. गंज असो मधीच येणा नाय. पाणी साठता थंय येता. सांद्यात बघ, बोल्टाखाली बघ. आणि ही गाडी किती वर्सां चलली?"

कुर्स्कला पँथर नवेकोरे आले होते आणि त्यांतले कितीतरी शत्रूपेक्षा स्वतःच्याच बिघाडांनी थांबले, काहींच्या इंजिनांना आगी लागल्या, असं मी सांगितलं. दादांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच त्या गाडीविषयी आपुलकी दिसली.

"मगे गंज धरूक येळ खंय गावलो तेका? धूर दाखव, धूर. मागच्या नळकांड्याक काजळी लाव."

म्हणून गंज पुसला आणि काजळी लावली. पैसे देऊन आणलेला गंज फडक्याने पुसताना आईने बघितलं. ती काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

रविवारी कुडाळवाला आला. पँथर टेकडीआडून बाहेर काढला, त्याने रणगाडाविरोधी तोफ फिरवली, फासा टाकला, सहा. पहिल्याच फेरीत पँथर खलास. नष्ट झालेल्या गाडीवर धूर म्हणून कापूस ठेवायची आमची पद्धत आहे, तो ठेवला आणि खेळ पुढे चालू झाला. दिवेलागणीला आई आत आली, "माझो वातींचो कापूस हय खंय इलो?" म्हणाली आणि धूर उचलून देवघरात घेऊन गेली. धूर नाही म्हणजे गाडी शाबूत, असं नियमपुस्तकाच्या आधारे मी म्हणतोय. कुडाळवाला म्हणतो, मेलेला तो मेलेला. त्याची शेवटची एसटी गेली तरी आम्ही भांडतोच आहोत.