किंचित काळजीचे संकट

इंग्रजीत कामकाज करणाऱ्या माणसाला व्याकरण फारसे छळत नाही आणि स्पेलिंग तर यंत्रच सुधारून देते. छळतात ती ‘क्वाइट’, ‘रादर’, ‘स्लाइटली’ अशी किरकोळ दिसणारी क्रियाविशेषणे. ती प्रमाण दाखवतात, असे शब्दकोश सांगतो. प्रत्यक्षात ती प्रमाण लपवतात आणि ते हुडकून काढण्याचे काम वाचणाऱ्याच्या गळ्यात पडते.

माझ्या एका अहवालावर वरिष्ठांचा शेरा आला, की चौथ्या पानाबद्दल ते ‘स्लाइटली कन्सर्न्ड’ आहेत. किंचित काळजीला किंचित दुरुस्ती पुरावी, असे कोणाही सरळमार्गी माणसाला वाटेल. पण या शब्दांचे गणित उलटे चालते आणि शब्द जितका सौम्य, तितके संकट मोठे निघते. चौथे पान आता त्या अहवालात नाही. ‘नॉट एंटायरली कन्व्हिन्स्ड’ असा शेरा मिळालेले पाचवेही त्याच्या सोबतीला गेले.

त्यातही ‘क्वाइट’चा कावेबाजपणा काही वेगळाच. ‘इम्पॉसिबल’च्या आधी बसला, की तो ‘पूर्णपणे’ होतो. ‘गुड’च्या आधी बसला, की ब्रिटिशाच्या तोंडी बहुधा ‘ठीक आहे’ इतपत खाली उतरतो. आणि तेच ‘क्वाइट गुड’ अमेरिकन माणसाने म्हटले, तर स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हरकत नसते. म्हणजे आपले कौतुक झाले की नाही, हे ठरवण्यापूर्वी लिहिणाऱ्याचा देश शोधणे आले. ‘अ बिट’ त्या मानाने प्रामाणिक, कारण तो सहसा वाईटाच्याच पुढे उभा राहतो: ‘अ बिट लेट’ असते, ‘अ बिट पंक्चुअल’ नसते.

खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेलेही यात फसतात, आणि तिथे मात्र हसू आवरावे लागते. कोरियन युद्धात, एप्रिल १९५१ मध्ये, इमजिन नदीकाठी प्रचंड चिनी फौज अंगावर आलेली असताना ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे ‘जराशी बिकट’, असल्याचे कळवले आणि ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ ‘निभावेल’ असा घेतला, असे सांगतात. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन त्या लढाईत जवळजवळ संपली.

इतके कळूनही सुटका नाही, कारण उद्धट ठरायचे नसेल तर हीच क्रियाविशेषणे आपल्यालाही वापरावी लागतात. सहकाऱ्याचा एक मसुदा मुळापासून नव्याने लिहायला हवा होता; मी तो ‘परहॅप्स अ लिटल लाँग’ वाटत असल्याचे अत्यंत सभ्यपणे कळवले. त्याने मनापासून आभार मानले आणि एक स्वल्पविराम काढला.