‘जाड पोरांना लाज वाटू द्या’ म्हणणाऱ्यांना

अमळनेरच्या आमच्या ताईने परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, वर आठवीतल्या भाच्याला मोठ्याने वाचूनही दाखवला. म्हणून लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही. सार एवढंच: जाड पोरं मुळात आळशी, चारचौघांत वजनावरून बोला, म्हणजे पळतील, बारीक पोरांना व्यायामाची गरज नाही, दुपारच्या उन्हात घाम गाळला की चरबी वितळते, आणि मोबाइलने वाटोळं केलं.

आधी आळस. 2019 साली ‘लॅन्सेट’च्या बालआरोग्यावरच्या नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अभ्यास आला. 146 देशांतली, 11 ते 17 वयाची 16 लाख शाळकरी मुलं. त्यातली 81 टक्के दिवसाला तासभरही पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलगे 78 टक्के, मुली 85. आता वर्गात डोकी मोजा. 81 टक्के जाड दिसतात का? म्हणजे बसून राहणाऱ्यांत भरणा सडपातळ पोरांचाच. उलट मैदानाची तीच फेरी मारायला वजनदार पोराला जास्त ताकद लागते, धाप लवकर लागते. जास्त कष्ट तो करतो आणि आळशीही तोच!

लाजेचा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. शाळेत कबड्डीच्या टीम पाडताना बघा. जाड पोरगा शेवटपर्यंत उरतो, ‘घ्या रे यालाबी’ म्हणून कुणीतरी घेतं, नाहीतर सर त्याला गुण लिहायला बसवतात. धावला की कडेला हशा. पुढच्या तासाला त्याचं पोट दुखतं. मुलींचं तर विचारूच नका, निम्मं लक्ष कोण बघतंय याकडे. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगतायत: गोष्ट आपण निवडलेली असावी, आपल्याला जमतेय असं वाटावं आणि सोबतची माणसं आपली वाटावीत, तरच माणूस ती टिकवतो. टोमणा या तिन्हींवर पाणी ओततो. लाजेने पोरगं पळतं खरं, पण मैदानापासून लांब.

बारीक पोरांचं थोडक्यात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2. हेही ‘लॅन्सेट’मध्येच आलंय, 2004 साली. काटा सगळं सांगत नाही, म्हणून बारीक दिसणाऱ्यालाही व्यायाम हवाच.

घामाने चरबी वितळत असती तर मे महिन्यात अख्खं भुसावळ सडपातळ झालं असतं. घाम म्हणजे पाणी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी पोराला पळवलंत तर उष्माघात होऊ शकतो. पळवायचंच तर सकाळी सातच्या आत.

मोबाइलचं, ठीक आहे, थोडं मान्य. स्क्रीनपुढचा वेळ कमी करा असं आरोग्य संघटनाही म्हणते. पण शाळा सुटली की ग्राउंडला कुलूप लागतं आणि गल्लीत मोटारसायकली उभ्या असतात, त्याबद्दल मेसेजवाल्याने एक ओळ लिहिलेली नाही.