चष्मा लावून ऐकणे

बत्तीस वर्षं बँकेत काढली, इंग्रजी पेपर एकही दिवस चुकवला नाही. तेव्हा आपलं इंग्रजी बरं आहे, हा समज घेऊनच ग्लासगोला लेकीकडे उतरलो. तो एका बॉयलरवाल्याने फोनवर दोन मिनिटांत उतरवला.

घरात मी आणि ही. बॉयलर बंद, बाहेर चार डिग्री. पलीकडून धो धो काहीतरी आलं. त्यात ओळखीचा शब्द एकच, "आय". तोही 'मी' नव्हेच. तिकडे 'आय' म्हणजे 'हो'. मग त्याने पोस्टकोड विचारला.

"पी," मी म्हणालो.
"टी?"
"पी!"
"डी?"
"पी फॉर पुणे!"

पलीकडे शांतता.

"अहो, त्याला पुणं काय माहीत?" हिने स्वयंपाकघरातून सुनावलं.

तासाभराने तोच माणूस दारात उभा राहिला आणि काय सांगू, दहातले आठ शब्द कळायला लागले! 'प'ला ओठ मिटतात, इंग्रजी 'फ'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. शाळेत घोकलेला पवर्ग ओष्ठ्य का, ते सहासष्टाव्या वर्षी उमगलं. पण त्याने बॉयलरच्या कपाटात डोकं घातलं की इंग्रजी गडप. बाहेर काढलं की पुन्हा इंग्रजी. शेवटी मीही कपाटात डोकं घातलं. तो जरा दचकला.

रात्री जावयांनी सांगितलं की फोनची जुनी लाइन ३४०० हर्ट्‌झच्या वरचं फारसं सोडतच नाही, आणि 'स'चा बराचसा फुत्कार त्याच्या वरच असतो. म्हणून 'स' आणि 'फ' तिथे जुळे भाऊ. मग १९७६ साली मॅकगर्क आणि मॅक्डोनाल्ड यांनी मांडलेली गंमत मोबाइलवर दाखवली. आवाज 'बा'चा, ओठ 'गा' म्हणणारे. मला चक्क 'दा' ऐकू आलं! डोळे मिटले, तर 'बा'. हिला मात्र डोळे उघडे ठेवूनही 'बा'च. साहजिक आहे. अडतीस वर्षं माझं बोलणं तोंडाकडे न बघता ऐकायचा सराव आहे.

तेव्हापासून फोन वाजला की मी आधी चष्मा शोधतो.

आठवड्याने बॉयलर पुन्हा रुसला. या वेळी मी शहाणपणा केला, थेट व्हिडिओ कॉल लावला. चष्मा पुसून बघतो तर पडद्यावर एक भलामोठा, लालबुंद, केसाळ कान. सवयीने त्याने फोन कानाला लावला होता.

मी ओरडलो, "फेस! फेस!" पण त्याला ऐकू गेलं असेल "सेफ" किंवा आणखी काही. बऱ्याच वेळाने त्याने फोन तोंडासमोर धरला, पडद्याकडे बघितलं आणि खो खो हसत सुटला.

तोवर वैतागून मीही फोन कानाला लावला होता.