‘क्लाउड चालू आहे ना, मग फॉरमॅट मार’ म्हणणाऱ्यांना

गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. आशय असा: सेव्ह फाइल, म्हणजे खेळातली प्रगती साठवणारी फाइल, सांभाळायचे दिवस गेले. आता सगळे गेम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, सेव्ह होतात. क्लाउड म्हणजेच बॅकअप. मशीनवरची आणि क्लाउडवरची अशा दोन सेव्हचं भांडण लागलं तर डोळे झाकून नवी तारीख निवडा. आणि फारच धाकधूक वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह चालू ठेवा, म्हणजे डबल सेफ्टी. मग पीसी खुशाल फॉरमॅट मारा.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहे. म्हणून तर तो मजकूर इतका पसरतो.

क्लाउडशी माझं वाकडं नाही. सायबर कॅफेत जीटीए सॅन अँड्रियास खेळलेल्यांना विचारा. सेव्ह ठेवायला आठ स्लॉट असायचे, आणि तासाचे पैसे भरून मिळवलेल्या प्रगतीवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्वतःचा गेम सेव्ह करून गेलेला असायचा. शहाणी पोरं डॉक्युमेंट्समधलं ‘जीटीए सॅन अँड्रियास युझर फाइल्स’ हे फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन घरी जायची. २००८ मध्ये लेफ्ट फोर डेड या गेमबरोबर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं स्टीम क्लाउड आलं आणि हळूहळू ती कटकट संपली. ते उपकार मान्यच. पण त्या मजकुराचा बाकीचा भाग तपासून घेऊ.

‘सगळे गेम क्लाउडवर सेव्ह होतात’ हे सरळ चूक आहे. स्टीमवर क्लाउड द्यायचं की नाही, कुठल्या फाइली न्यायच्या, किती जागा द्यायची, हे गेम बनवणारा ठरवतो. स्टोअरच्या पानावर ‘स्टीम क्लाउड’ असं लिहिलेलं असेल तर आहे, नसेल तर नाही. सगळ्यात जास्त रडारड ज्याच्यावरून होते तो गेम स्टीमवर मिळतच नाही: माइनक्राफ्ट, जावा एडिशन. पोरांची पक्की समजूत असते की मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की आपलं जग परत येईल. परत येतं ते विकत घेतलेल्या गेमचं लायसन्स आणि स्किन. दोन वर्षं खपून बांधलेला किल्ला त्या मशीनवरच्या ‘सेव्हज’ फोल्डरमध्ये असतो, प्रत्येक जगाचं वेगळं फोल्डर. रिअल्म्स या माइनक्राफ्टच्याच वर्गणीवाल्या सेवेतलं जग तेवढं सर्व्हरवर राहतं. दुरुस्तीला गेलेला लॅपटॉप ‘फ्रेश विंडोज’ टाकून परत आला की किल्ला गेला, आणि तो कुठल्याच क्लाउडवर सापडणार नाही.

‘क्लाउड म्हणजेच बॅकअप’. मुळातली गफलत इथे आहे. क्लाउड करतं ते सिंक, आणि सिंकचं काम दोन्ही ठिकाणी एकच मजकूर ठेवण्याचं. पाटी एकच, ती दोन घरांतून दिसते. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. स्टीम गेम सुरू होण्याआधी क्लाउडवरचं नवं खाली आणतं आणि गेम बंद झाल्यावर इकडचं नवं वर चढवतं. चढवताना ती फाइल धड आहे की बिघडलेली, हे ते बघत नाही. गेल्या मंगळवारची सेव्ह हवी म्हणून मागितली तर देत नाही, कारण ती त्याने तुमच्यासाठी ठेवलेलीच नसते. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा पीसीवर सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की बिघडायची. त्याच महिन्यात १.०६ या हॉटफिक्सने, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीने, ती मर्यादा काढली, पण आधी बिघडलेल्या सेव्ह दुरुस्त होणार नाहीत हेही त्याच टिपणात सांगितलं होतं. अशा वेळी वाचला तो जुनी वेगळी सेव्ह ठेवणारा. एकाच सेव्हवर लिहीत राहणाऱ्याच्या क्लाउडवरही तीच बिघडलेली फाइल.

शिवाय जागा फुकटची असली तरी अमर्याद नसते. गॉग या गेमच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने २०२४ मध्ये प्रत्येक गेममागे २०० एमबीची मर्यादा जाहीर केली. दर पाच मिनिटांनी क्विकसेव्ह ठोकणाऱ्या मंडळींची तेव्हा धावपळ झाली.

आता ‘नवी तारीख निवडा’. हा सल्ला मी पाळलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्टारड्यू व्हॅली, शेतीचा गेम. सांगलीला घरी डेस्कटॉप, पुण्यात बहिणीकडे लॅपटॉप, स्टीमचं खातं एकच. या गेममध्ये पात्र झोपलं की दिवस संपतो आणि तेव्हाच सेव्ह होते. घरी एका बैठकीत गेममधले अकरा दिवस खेळलो, म्हणजे जवळजवळ अडीच तास. मोठा खुराडा बांधून झाला, आणि बाराव्या दिवसाच्या दुपारी लाईट गेली. अकरा दिवस डेस्कटॉपच्या डिस्कवर होते, पण गेम रीतसर बंद झालाच नाही, त्यामुळे वर काही चढलं नाही. मी तसाच बाहेर पडलो. चार दिवसांनी पुण्यात बहिणीने लॅपटॉपवर गेम उघडला. तिला क्लाउडवरची जुनी सेव्ह मिळाली. एक दिवस खेळून तिने पात्र झोपवलं. ते मात्र नीट वर चढलं.

घरी आल्यावर गेम सुरू केला तर स्टीमची खिडकी उघडली: या मशीनवरची सेव्ह की क्लाउडवरची? क्लाउडवरची कालची, इथली पाच दिवसांपूर्वीची. नवी ती खरी, म्हणून क्लाउड दाबलं. शेतावर गेलो तर खुराड्याच्या जागी गवत.

तारीख सांगते फाइल कधी लिहिली गेली. खेळ किती पुढे गेला होता ते ती सांगत नाही. आकारावरून ताडावं तर तेही दर वेळी जमत नाही. एल्डन रिंगमध्ये दहाही पात्रं एकाच फाइलीत असतात आणि ती फाइल नेहमी २८ एमबीच्या आसपास भरते, शंभर तास खेळा नाहीतर दहा मिनिटं.

म्हणून ती खिडकी आली की काहीच दाबू नये, रद्द करावं. आधी मशीनवरचं सेव्हचं फोल्डर उचलून डेस्कटॉपवर कॉपी करायचं. क्लाउडवरच्या फाइली ब्राउझरमधून स्टीमच्या खात्यात जाऊन उतरवता येतात, त्याही घ्यायच्या. मग काय वाटेल ते निवडा, चुकलात तरी दुसरी प्रत हातात आहे. आणि गेम बंद केल्याबरोबर लॅपटॉप मिटायची घाई नको, वर चढू द्या. (स्टीम डेक या हातात धरायच्या मशीनवर, मशीन स्लीपवर टाकतानाच सिंक व्हायची सोय २०२२ मध्ये आली, पण ज्या गेमवाल्यांनी ती चालू केली त्यांच्यापुरतीच.)

वनड्राइव्हची ‘डबल सेफ्टी’ ऐकून तर हसूच येतं. वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असली फोल्डरं धरतो. स्टारड्यू आणि एल्डन रिंग यांच्या सेव्ह असतात विंडोजच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरातल्या रोमिंगमध्ये. तिकडे तो फिरकतही नाही. म्हणजे इथे डबल सोडा, सिंगलही नाही. विचर ३ किंवा स्कायरिम यांच्या सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये असतात, त्या तो धरतो, पण मग एकाच फोल्डरचे दोन मालक होतात, स्टीम आणि वनड्राइव्ह, आणि दोघांनाही वाटतं आपलंच बरोबर. त्यात फुकटच्या ५ जीबीत घरच्यांचे फोटो. जागा संपल्याचा निरोप आला की कुणीतरी मोबाइलवरून ‘हे कसलं फोल्डर’ म्हणून ते उडवतं, आणि ते पीसीवरूनही जातं. रिसायकल बिनमध्ये ३० दिवस असतं, तेवढ्यात लक्षात आलं तर नशीब.

कन्सोलवाल्यांनी या मजकुराच्या नादी लागूच नये. निन्टेंडोच्या स्विचवर क्लाउड सेव्हसाठी वर्गणी लागते, ती संपल्यावर परत भरायला १८० दिवसांची मुदत, आणि स्प्लॅटून २ सारख्या काही गेमना ती सोय मुळातच नाही.

मी काय करतो? लुडूसावी नावाचं एक मोफत ओपन सोर्स साधन आहे. कुठला गेम सेव्ह कुठे ठेवतो याची यादी ते पीसीगेमिंगविकीवरून घेतं आणि सापडेल ते सगळं सांगाल त्या फोल्डरमध्ये कॉपी करतं. ते मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर चालवतो, आणि जुन्या काही प्रती राहू देतो. हे नको असेल तर हाताने फोल्डर कॉपी करून नावापुढे तारीख टाका, तेही पुरतं. फॉरमॅटच्या आधी मात्र कॉपी केलेलं फोल्डर उघडून आत फाइली आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. मी एकदा नुसता शॉर्टकट कॉपी केला होता.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तेव्हा मजकूर टाकणाऱ्याचं उत्तर आलं: “दादा, सहा वर्षं झाली, माझी एक सेव्ह गेली नाही.” मी विचारलं, किती मशीनवर खेळतोस? एकच पीसी. लाईट जाते का? इन्व्हर्टर आहे. नेट? फायबर. आणि या सहा वर्षांत फॉरमॅट कितीदा मारलास?

“अजून वेळ आली नाही.”