आर्को घ्या, पण शोभेला

अजून तुमच्याकडे आर्को नाही? मग पाहुण्यांनी यायचं तरी कशाला? मिलानच्या आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी १९६२ साली फ्लोस या इटालियन दिव्यांच्या कंपनीसाठी केलेला उभा दिवा: दगडी तळातून निघालेली लांब कमान आणि तिच्या टोकाला दिव्याची टोपी. सांगताना मात्र नाव एकट्या आकिलेचंच घ्या. पिएर जाकोमो १९६८ सालीच गेला, तो कुठे भांडायला येतोय?

शक्यतो 'अगदी तस्साच' दिसणारा, स्वस्तातला बघा. अस्सल आर्कोच्या तळाला इटलीतल्या करारा गावचा सुमारे ६५ किलोचा संगमरवर असतो, कारण टोपी दोनेक मीटर पुढे लटकते आणि तिला तोलायला मागे तेवढं वजन लागतं. नकलेत दगडावरच काटकसर होते. कमान पुरती बाहेर काढली की तळाची मागची कड हळूच उचलते. टोपीखाली एक उशी टाकून ठेवा, झालं.

दगडाला आरपार भोक आहे, त्यात उदबत्ती खोचा. झाडूचा दांडा घालून दोघांनी दगड उचलावा म्हणून ते ठेवलंय म्हणे. कोपरेही लागू नयेत म्हणून मारलेले. इतक्या हिशेबी माणसांच्या नादी कोण लागणार? तुम्ही एकट्यानेच कमान धरून दिवा फरफटवा. ती स्टीलच्या तीन तुकड्यांची, एकात एक सरकणारी. सांध्याला एकदा पीळ बसला की जागची हलत नाही, आणि कमान किती बाहेर काढायची हा रोजचा वाद मिटतो.

संगमरवर समईसारखा चिंचेने घासा. आंबट लागलं की पॉलिश खाल्लं जातं आणि पांढुरके चट्टे उठतात, पण चट्ट्यांना 'पॅटिना', म्हणजे जुनेपणाची शोभा, म्हणायची सोय आहे. टोपीवरची भोकं गरम हवा जाण्यासाठी असतात. त्यांतून धूळ येते, तेव्हा वर क्रोशाचा रुमाल घाला. कमानीतून गेलेली जुनी वायर बदलायचा तर विचारही नको. उष्णतेने तिचं वेष्टण कडक होऊन तडकतं आणि उघडी तार स्टीलला टेकते, पण वायर 'ओरिजिनल' आहे ना! अर्थिंगही नसेल, तर पाहुण्यांना कमानीला हात लावून बघायचा आग्रह जरूर करा.

आता जागा. छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर उजेड पडावा आणि ताट घेऊन मागून जाता यावं, एवढ्यासाठी ही सगळी कमान. म्हणून दिवा सोफ्यामागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा करा. टेबलावर अंधार पडला, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो छताला भोक पाडून देईल.