मालकाला जरा रिकामं बसू द्या की हो

आज गुरुवार. भोसरी-चाकणवाल्यांना सांगायला नको, एमआयडीसीची सुट्टी. मशीन बंद. पण आमच्याकडे मशीन बंद म्हणून गुरुवारी "निवांत" रिव्ह्यू असतात, सकाळपासून एकाला एक चिकटून, आणि डायरेक्टरसाहेबांचं कॅलेंडर म्हणजे नुसती ठिगळांची गोधडी. दोन मीटिंगच्या मधे त्यांना जिन्यात गाठलं. नवीन व्हीएमसीच्या, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनच्या लोनची फाईल होती. म्हणलं सर, हे मशीन ज्या पार्टसाठी घेतोय तो पेट्रोल स्कूटरच्या इंजिनचा आहे, हप्ते पाच वर्षं जाणार, तोवर मागणी राहील का एकदा बसून बघूया? मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले, "ऑर्डर आहे ना हातात? मग टाका घेऊन." आणि सही. जिन्यात उभ्या उभ्या, अर्ध्या कोटीच्या कर्जावर!

अहो, बजाजने २०२० मध्ये चेतक परत आणली ती इलेक्ट्रिक करून, आपल्याच इथे. तिला ना इंजिन ना सायलेन्सर. रोज ट्रॅफिकमध्ये शेजारी उभी असते ती. पण बघायला मान वर करावी लागते ना.

मला राहून राहून आप्पा आठवतायत. माझी पहिली नोकरी, भोसरीतलं छोटं वर्कशॉप, मी अकाउंट्स आणि चलनं बघायचे. आप्पा मालक. गुरुवारी सगळं बंद असताना हा माणूस यायचा आणि गेटजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहायचा. पेपर नाही, फोन नाही. वॉचमन चहा करायचा. आम्ही हसायचो, घरी काकूंशी वाजलं असेल म्हणायचो.

भंगारवाल्याचा टेम्पो गुरुवारीच यायचा. एकदा आप्पा त्यात भरला जाणारा टर्निंगचा कीस, म्हणजे लेथवर खरवडून निघालेलं स्टील, बघत बसले होते म्हणे. शुक्रवारी मला हाक मारली, "ताई, त्या फ्लँजवाल्या शाफ्टला स्टीलचा बार किती किलोचा लागतो आणि तयार माल किती किलोचा जातो?" चलनं काढली. चार किलोच्या वरचा तुकडा, तयार पीस दोन किलोसुद्धा नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त चांगलं स्टील आम्ही पैसे देऊन आणायचो, वीज जाळून खरवडायचो आणि भंगाराच्या भावात घालवायचो. वर्षानुवर्षं! रोज सकाळी प्रॉडक्शन मीटिंग व्हायची हो. टार्गेट, रिजेक्शन, कोण गैरहजर, डिस्पॅच. सगळं बोलणं तो पार्ट लवकर कसा काढायचा ह्यावर. असाच का काढायचा, हे कोणी विचारलंच नव्हतं. मग आप्पांनी डायचा, म्हणजे साच्याचा खर्च अंगावर घेतला, बार सोडून फोर्जिंगवर गेले, म्हणजे साच्यात ठोकून आधीच जवळपास आकार दिलेला तुकडा घ्यायला लागले. मटेरियल वाचलं, मशीनचा वेळ वाचला.

आणि आता ऐका ७० तासांचे अभंग. २०२३ ला नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या चेअरमनचं ९० तासांचं निघालं, आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्या. मूर्तींनी स्वतः राबून कंपनी उभी केली, मान्य, ते कोण नाकारतंय. पण त्या तासांत डोकं कधी वापरायचं ते कोणीतरी सांगा ना! बिल गेट्स वर्षातून दोनदा आठवडाभर एका केबिनमध्ये कागदांचा गठ्ठा घेऊन एकटा जाऊन बसायचा, मे १९९५ मधला त्याचा इंटरनेटवरचा गाजलेला मेमो अशाच एका आठवड्यातून आलेला. तो बसला की व्हिजन, आणि आपल्याकडे कोणी बसलं की "काय माशा मारतोय". बरं, गेट्सला परवडतं, हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाला नाही परवडत, हेही खरंच. आप्पांनाही हप्ते होतेच की पण.

आप्पांच्या प्रत्येक गुरुवारी काही निघायचं असंही नाही बरं का. बऱ्याचदा चहा व्हायचा, डुलकी व्हायची आणि स्वारी घरी जायची. त्या वेळेचा रिव्ह्यू घेतला असता तर शून्य मार्क. तो कीस दिसणार आहे हे आधी ठाऊक असतं तर त्याचीही मीटिंगच लावली असती ना कोणीतरी, दुपारी तीन ते साडेतीन, अजेंडा: भंगार.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आमचे साहेब वाईट नाहीत. सकाळी आठला येतात, रात्री मुलगी झोपल्यावर घरी पोचतात, परवा कॅन्टीनमध्ये उभ्यानेच पोहे खात होते. त्यांनाही कोणीतरी वरून विचारतंच, गुरुवारी काय केलं म्हणून. पण मग त्या लोनचा विचार करायचा कोणी? मी? माझ्या पगारात ते बसत नाही.

आणि हो, "साहेबांना टॅग कर" असल्या कमेंटी नकोत. नोकरी आहे अजून.