पूर येण्याआधीचा पैसा

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सीनेच्या काठी सोलापूरकडे जे झालं, त्यानंतर गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच विषय होता: ओला दुष्काळ जाहीर करणार की नाही, आणि हेक्टरी किती. ऑक्टोबरात सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केल्यावर वाद आकड्यावर सरकला. मर्यादा दोन हेक्टर की तीन, पंचनामे कधी, खरडून गेलेल्या जमिनीला काय. प्रश्न सगळे रास्त आहेत. ज्याच्या रानातली मातीच वाहून गेली, त्याला दूरदृष्टीवर प्रवचन देऊ नये. पण पूर येण्याआधी जो पैसा खर्च व्हायला हवा, त्याबद्दल त्या गदारोळात कुणी चकार शब्द काढला नाही.

मी राहतो त्या टेक्सासमध्ये त्याच वर्षी हा प्रश्न फार महागात पडला. केर काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हा ग्वाडलूप नदीकाठचा डोंगराळ मुलूख, उन्हाळी शिबिरांसाठी प्रसिद्ध. ४ जुलैच्या पहाटे नदी चढली आणि एकट्या या काउंटीत शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात एकाच शिबिरातल्या मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या ताया मिळून २७. नदीकाठी धोक्याचे भोंगे नव्हते.

ते कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. पाण्याची पातळी मोजून इशारा देणाऱ्या यंत्रणेसाठी साधारण दहा लाख डॉलरचा अर्ज त्या पुराच्या आठ-नऊ वर्षं आधीच गेला होता. फेमा ही अमेरिकेची आपत्ती व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था. एखादी आपत्ती येऊन गेली की पुढचं नुकसान टाळण्यासाठी, म्हणजे निवारणासाठी, ती राज्यांना निधी देते. सहसा ७५ टक्के तिचे, उरलेले स्थानिकांनी उभे करायचे. कुणाला द्यायचे ते राज्य ठरवतं. केरचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण काउंटीकडे मंजूर आणि चालू आपत्ती निवारण आराखडा नव्हता. तो दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो. दुसऱ्या अर्जाच्या वेळी टेक्सासच्या किनाऱ्यावर हार्वी वादळ येऊन गेलं होतं, पैसा त्या भागाकडे वळला. पुढे कोविडकाळातला केंद्राचा सुमारे एक कोटी डॉलरचा निधी आला, त्यातला मोठा वाटा शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि अग्निशमन दलाच्या रेडिओ यंत्रणेवर गेला. तो खर्चही गैर म्हणता येत नाही. शेवटी राज्याच्या एका निधीतून खर्चाच्या जेमतेम ५ टक्के अनुदान मिळेल असं कळल्यावर तोही नाद सुटला. या सगळ्यात कुणी पैसे खाल्ले नाहीत. कागद नियमाप्रमाणे फिरत राहिला, एवढंच.

‘तुमच्याकडे बरं असतं’ म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. इथे पैसे बहुधा आधी खर्च करायचे आणि मग पावत्या जोडून परत मागायचे. आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याच्या पगाराला मदत करणाऱ्या अनुदानात निम्मा वाटा आपला घालायचा. केंद्राचा पैसा ठरावीक रकमेपुढे खर्च झाला की वेगळं लेखापरीक्षण. मोठ्या शहरांत यासाठी माणसं नेमलेली असतात. छोट्या काउंटीत वणवा, पूर आणि अर्ज, तिन्ही एकाच माणसाच्या टेबलावर. म्हणजे अनुदान बहुतेकदा त्यालाच मिळतं, ज्याला अर्ज लिहिणारा माणूस परवडतो. आणि परवडूनही खात्री नाहीच: हार्वीनंतरच्या निवारण निधीतले सुमारे शंभर कोटी डॉलर राज्याने २०२१ मध्ये वाटले, तेव्हा ह्यूस्टन शहराच्या वाट्याला शून्य आलं.

म्हणून ही अर्जांची शर्यत आपल्याकडे नेऊ नये, असंच माझं मत आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना अर्जाविना, ठरलेल्या सूत्राने आपत्ती निधी दिला, त्यातला २० टक्के निवारणासाठी आणि १० टक्के पूर्वतयारीसाठी बाजूला काढला. ही पद्धत अमेरिकेपेक्षा सरस आहे. (निवारण निधीची तरतूद २००५ च्या कायद्यात होती; सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कान पिळले, तरी राष्ट्रीय निधी उभा राहायला २०२१ उजाडलं. वरातीमागून घोडं, पण आलं.) घोडं अडतं ते राज्याच्या खाली. केर काउंटीचा अर्ज कधी गेला, कुणी आणि का नाकारला, हे मी घरबसल्या वाचू शकलो. भूम-परांड्याकडच्या एखाद्या नाल्याच्या प्रस्तावाचं काय झालं, हे मला तर नाहीच, तिथल्या सरपंचालाही कळेल याची खात्री नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं २०२३ मध्ये सरकारनेच सांगितलं. यादीत नाव नसेल तर त्या नावाने पैसा मागणार कोण? ग्रामसेवकाकडे आधीच डझनभर योजनांची पोर्टलं. त्याच्या माथी आणखी एक मारून भागणार नाही. तालुक्याला केवळ या कामासाठी एक अभियंता आणि एक हिशेबनीस हवा, आणि त्यांचा पगार पूर्वतयारीच्या त्या १० टक्क्यांतून निघायला हरकत नसावी.

कायद्याप्रमाणे जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. आमदारांना हेक्टरी किती हे जरूर विचारा. त्याच सभेत हेही विचारा, की यंदाचा आराखडा कुठे वाचायला मिळेल, त्यात आपल्या गावाचं नाव आहे का, निवारण निधीसाठी तालुक्यातून कोणता प्रस्ताव गेला, आणि परत आला असेल तर त्यावर शेरा काय मारलाय.